सहावा रकाना

“चारशे बारा.”

रेल्वेच्या टिपणीस साहेबांनी आकडा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. मोरदरा नगरपालिकेच्या सभागृहात त्या दिवशी तीनशे माणूस तरी असेल. क्षणभर कोणाला काही उमगलंच नाही. मग मागून कोणीतरी ओरडलं, “चार हजार बारा म्हणायचं असेल साहेबांना!” आणि सगळे हसले.

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. “चारशे बारा,” ते म्हणाले. “मोरदऱ्याहून हिवरटेकपर्यंत किंवा पुढे शहरापर्यंत नियमित प्रवास करणाऱ्या व्यक्ती. घरं चार हजार नव्वद, व्यक्ती चारशे बारा. किमान अडीच हजार हव्यात.”

हसणं जागच्या जागी थांबलं.

मी पहिल्या रांगेत होतो. रेल्वे विस्तार कृती समितीचा कार्यवाह, जोर्वेकर सर. गावच्या हायस्कुलात मराठी शिकवायचो. ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या डिसेंबरातली. शहरातून सुटणारी लोकल हिवरटेकला येऊन थांबायची, पुढे रूळच नव्हते. हिवरटेक ते मोरदरा अठ्ठावीस किलोमीटर, मध्ये एक घाट. तेवढे रूळ पुढे आणा, एवढंच आमचं मागणं. त्यासाठी निवेदनं झाली, मोर्चे झाले, साखळी उपोषण झालं. उपोषणात दोन दिवस बसून मी पित्त करून घेतलं होतं. शेवटी सर्वेक्षण मंजूर झालं, अंगणवाडीच्या बायकांनी घरोघर फिरून फॉर्म भरले, आणि आज जनसुनावणी होती. पेढे आणून ठेवले होते हो! नगराध्यक्ष बापू थेटे, माझाच विद्यार्थी, त्याने दहा किलो पेढे मागच्या खोलीत झाकून ठेवले होते.

पण मला पेढ्यांचं काही नव्हतं. मला शरयूचं होतं.

शरयू माझी बायको. शहरातल्या सरकारी इस्पितळात सिस्टर. पहाटे पावणेपाचला घर सोडायची, पाचच्या जीपने हिवरटेक, तिथून लोकल. परत यायला संध्याकाळचे साडेआठ. अशी अठरा वर्षं. नऊ माणसांच्या जीपमध्ये सोळा कोंबायचे आणि वरून तो घाटाचा रस्ता, तिच्या कमरेतला मणका सरकला होता. दिवाळीत डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, “सिस्टर, जीप बंद करा, नाहीतर एक दिवस पाय उचलणार नाही.” इस्पितळाने तिला क्वार्टर देऊ केलं होतं. मीच नको म्हटलं. माझी शाळा, माझं वाचनालय, माझं गाव. “गाडी होतेच आहे,” मी म्हणालो होतो, “दोन-तीन वर्षं कळ काढ.”

त्या पहाटे कमरेचा पट्टा आवळता आवळता ती मला म्हणाली होती, “आज संध्याकाळी मला काय ते नक्की सांगा. गाडी होणार असेल तर काढते कळ. नसेल तर क्वार्टरचा अर्ज उद्या देऊन टाकते. उद्या शेवटची तारीख आहे. मग तुम्ही इथं राहा नाहीतर तिथं या, मला आता जमायचं नाही.”

“होणार म्हणजे होणारच,” मी म्हणालो.

आणि आता टेबलावर चारशे बारा.

सभागृहात जो गलका उठला तो काय सांगू! बापू थेटे खुर्चीवरून उठून उभा राहिला. “साहेब, अहो रोज पहाटे पाच ते आठ स्टँडवर येऊन बघा. पाय ठेवायला जागा नसते. चारशे बारा माणसं तर एका तासात जातात!”

“मी बघितलंय,” टिपणीस शांतपणे म्हणाले. “तीन दिवस तिथं उभा होतो मी. पण गाडीत बसलेला माणूस रोजचा की वर्षातून एकदा लग्नाला निघालेला, ते मला बघून कळत नाही. ते फॉर्मवरून कळतं. आणि फॉर्म तुमच्या समितीने भरून दिलेत.” त्यांनी मागे ठेवलेल्या गोण्यांकडे बोट केलं. “सगळे आणलेत. तपासा. मी पाचपर्यंत आहे. पाचनंतर हा आकडा वर जाईल.”

घड्याळात साडेअकरा वाजले होते.

गोण्या सोडल्या. वॉर्डावार गठ्ठे होते. आम्ही सातआठ जण जमिनीवर बसून फॉर्म उलटू लागलो. सहावा रकाना, प्रवासाचा: नाही. नाही. नाही. निरंक. नाही. एखादा मध्येच ‘एक’. बँकेतला कारकून, बदलून आलेला तलाठी, कॉलेजातली पोरं. बाकी गाव आपलं घरीच बसून.

“कोणीतरी पैसे चारलेत,” बापू दातओठ खात म्हणाला. “दुसरं काय? गाडी आली तर कोणाचा धंदा बसतो?”

सगळ्यांच्या मनात एकच नाव आलं. पुंजा गायखे. बारा जीपा होत्या त्याच्या, संघटनेचा अध्यक्ष होता, आणि रेल्वेच्या नावाने तो चारचौघांत बोटं मोडायचा. बापूने त्याला बोलवायला माणूस धाडला.

मी एक फॉर्म हातात घेऊन व्हरांड्यात आलो. त्या फॉर्मवर नाव होतं द्रौपदा बर्डे, सातवा वॉर्ड. ही द्रौपदा मला चांगली ठाऊक. पहाटेच्या जीपला शरयूच्या शेजारी असायची, भाजीची पाटी मांडीवर घेऊन. शहरात भाजी विकून दुपारी परत. शरयूच्या तोंडी तिचं नाव रोज असायचं. आणि फॉर्मवर, ‘नाही’.

त्या वेळी सभागृहात एकही अप-डाऊनवाला नव्हता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. कामाचा दिवस होता. ते सगळे अप-डाऊनवर होते. आत बसले होते ते दुकानदार, पेन्शनर आणि आम्ही पुढारी.

दोन वाजता द्रौपदा रिकामी पाटी घेऊन नगरपालिकेवरून चालली होती. गर्दी बघून नळावर थांबली. मी तिला हाक मारली.

“द्रौपदाबाई, तुम्ही रोज शहरात जाता ना?”

“जाते की सर. आत्ताच तर आले.”

“मग फॉर्मवर ‘नाही’ का सांगितलंत? कोणी सांगितलं होतं असं सांगायला?”

“कोन सांगतंय?” ती चक्रावली. “बाईनं इचारलं, घरातलं कोन नियमित परवास करतं का. म्हनलं, न्हाई बाई. परवास कुठला आमच्या नशिबी? एकदा मालक असताना काशीला गेलो हुतो, तेवढाच.”

“अहो पण हे रोजचं शहरात जाणं?”

“ते व्हय?” ती हसायलाच लागली. “ते अप-डाऊन हाय सर. परवासाला निघताना मानसाच्या हातावर दही घालत्यात. मी काय रोज दही खाऊन भाजी इकाया जाते व्हय?”

ती पाटी डोक्यावर घेऊन गेली. मी हातातल्या फॉर्मवरचा सहावा प्रश्न पुन्हा वाचला.

मागे खरातबाई उभ्या होत्या. मंगल खरात, अंगणवाडी सेविकांमधल्या सगळ्यांत जुन्या. घरोघर फिरणाऱ्या बायका त्यांच्याच हाताखाली होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पदराचं टोक त्या बोटाला गुंडाळत होत्या.

आता ते फॉर्मचं सांगायला हवं. वरून प्रश्न आले होते इंग्रजीत. मराठी फॉर्म स्थानिक समितीने करायचा होता. खरातबाईंनी वहीच्या पानावर मसुदा आणला. सहावा प्रश्न त्यांनी लिहिला होता: ‘घरातलं कोणी हिवरटेकला किंवा शहराला अप-डाऊन करतं का? किती जण?’

गावात माझी ख्याती कशासाठी होती? लाल शाईसाठी. पोराने निबंधात ‘टेन्शन’ लिहिलं की मी गुण कापायचो, ‘टाइमपास’ लिहिलं की बाकावर उभं करायचो. मी खिशातलं लाल पेन काढलं आणि ‘अप-डाऊन’वर काट मारली, कागद फाटेल इतकी. “हे काय मराठी आहे, खरातबाई? सरकारदरबारी जाणारा कागद आहे हा.” आणि माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: ‘कुटुंबातील कोणी व्यक्ती रेल्वे स्थानकापर्यंत अथवा शहरापर्यंत नियमित प्रवास करते काय? असल्यास संख्या.’

“लोकांना कळंल ना सर?” त्या म्हणाल्या होत्या.

“न कळायला काय झालं? मराठीच आहे.”

“आमी दारात जरा इस्कटून सांगू का?”

“मुळीच नाही! छापलंय तेच वाचायचं. पदरचा एक शब्द घालायचा नाही. सर्वेक्षण आहे हे, हळदीकुंकू नाही.”

त्यांनी माझं ऐकलं. चार हजार नव्वद दारांत त्यांनी आणि त्यांच्या बायकांनी पदरचा एकही शब्द घातला नाही.

“सर,” व्हरांड्यात खरातबाई हळूच म्हणाल्या, “अजून पाच वाजायला येळ हाय. साहेब चांगला मानूस दिसतो. सांगून टाका.”

तेवढ्यात आतून आरडाओरडा ऐकू आला.

पुंजा गायखेला आणलं होतं. धिप्पाड माणूस, पण चारी बाजूंनी पोरं अंगावर आल्यावर भिंतीला टेकला होता. त्याच्या सदऱ्याचं बटण तुटलं होतं.

“किती वाटलेस बोल!” बापू ओरडत होता. “एकेका फॉर्ममागं काय दिलंस?”

“आरं छदाम दिला नाही!” गायखेचा आवाज चिरकला. “मला गाडी नको, हे मी तोंडावर बोलतो. चोरून कशाला करू? मी काय घराघरात जाऊन लोकांचा हात धरला का, हे लिव्हा न् ते लिव्हा म्हणून?”

कोणीतरी त्याच्या कानशिलात मारली. टिपणीस साहेब उठून उभे राहिले, “हे चालणार नाही, मी निघून जाईन,” म्हणाले. जरा शांत झालं. गायखे गाल चोळत इकडेतिकडे बघत होता आणि त्याची नजर दारात उभ्या माझ्यावर पडली. बुडत्याला काडी दिसावी तसा त्याचा चेहरा उजळला.

“सरांचा फॉर्म काढा!” तो ओरडला. “सिस्टर रोज माझ्या पाचच्या जीपला असतात. अठरा वर्षं! सगळ्या गावाला ठावं हाय. सर काय माझ्याकडून पैसे खानार हायेत? त्यांच्या फॉर्मवर काय लिव्हलंय ते बघा. मी जर फॉर्म बदलले असतील तर त्यांचाबी बदलला असंल. नसंल बदलला, तर मला सोडा!”

“बरोबर आहे,” टिपणीस म्हणाले. “सरांच्या घरचा फॉर्म कोणी भरला?”

“मीच,” मी म्हणालो. “माझ्या हाताने.”

“उत्तम. काढा तो.”

मी तिसऱ्या वॉर्डाचा गठ्ठा पुढे ओढला. खरं सांगतो, मी काय लिहिलं होतं ते मला आठवत नव्हतं. खरातबाई घरी आल्या तेव्हा मी म्हणालो होतो, “द्या इकडे, तुम्ही कशाला, मी भरतो.” शरयू ड्युटीवर होती. दोन मिनिटांत भरून दिला होता. पण एवढं तर नक्की होतं ना, की मी तिला लिहिलं असणार? माझी बायको, पहाटे पावणेपाचला माझ्या डोळ्यांदेखत घराबाहेर पडणारी. दुसरं कोणी नाही तरी मी ‘प्रवास’ शब्दाचा अर्थ जाणणारा माणूस होतो. मी एकेक फॉर्म उलटत होतो आणि मनात म्हणत होतो, एक असेल. एक असणारच.

माझं अक्षर लांबूनच ओळखू आलं. जोर्वेकर, मधुकर वामन. कुटुंबातील व्यक्ती दोन. घर स्वतःचे. आणि सहाव्या रकान्यात, सुंदर वळणदार अक्षरात, खाली एक रेघ ओढून: निरंक.

भीती नाही वाटली, लाज वाटली. अख्ख्या गावाने शब्द कळला नाही म्हणून ‘नाही’ म्हटलं. मला शब्द कळत होता. मला बायको दिसली नव्हती.

माझी पाठ लोकांकडे होती. समोर फक्त खरातबाई होत्या, गठ्ठ्यांपाशी उकिडव्या बसलेल्या. फॉर्म घेताना त्यांनी तो वाचला असणार, हे मला त्यांच्या तोंडावरूनच कळलं. मी तो फॉर्म गठ्ठ्यातून सरकवला, दुमडला आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात घातला. त्यांनी बघितलं.

“सापडत नाही,” मी वळून म्हणालो.

“बघा! बघा!” बापू किंचाळला. “सरांचाच फॉर्म गायब! आता काय पुरावा पाहिजे?” आणि पोरं पुन्हा गायखेवर धावली. त्याला बाहेर ओढत नेलं. जरा वेळाने अंगणातून काचा फुटल्याचा आवाज आला. त्याची जीप तिथं उभी होती.

टिपणीस साहेब माझ्याजवळ आले. पाचला वीस मिनिटं होती. खालच्या आवाजात बोलले ते, माणुसकीने बोलले.

“जोर्वेकर सर, फॉर्म गहाळ झाला म्हणून मला फेरसर्वेक्षण मागता येत नाही. तो तुमच्या समितीचा दोष. पण एक वाट आहे. प्रश्नच सदोष होता, लोकांना समजला नाही, असं ज्याने फॉर्म केला त्याने आत्ता लिहून दिलं, तर तेवढा एक प्रश्न आठ दिवसांत पुन्हा विचारून घेण्याचा मला अधिकार आहे. मला राहून राहून तोच संशय येतोय. प्रश्नात काही गडबड आहे का?”

बापू थेटे माझ्याकडे बघत होता. त्याला मी सातवीत ‘एन्जॉय’ लिहिल्याबद्दल दोन छड्या मारल्या होत्या. त्याच बापूने सकाळी भाषणात म्हटलं होतं, की आपल्या फॉर्मची मराठी बघून वरचे साहेबसुद्धा थक्क झाले. मागे माझे वीस-बावीस वर्षांतले विद्यार्थी उभे होते. खरातबाई माझ्याकडे बघत होत्या. आणि खिशातला तो कागद छातीला टोचत होता. प्रश्न सदोष म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, तुम्ही स्वतः काय लिहिलंत सर?

“प्रश्न निर्दोष आहे,” मी म्हणालो. “भाषा मी स्वतः तपासली आहे.”

टिपणीसांनी खरातबाईंकडे बघितलं. “तुम्हाला काही सांगायचंय?”

खरातबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांची नोकरी मानधनावरची, आणि मी समितीचा कार्यवाह. “सर म्हनतात तसंच,” त्या म्हणाल्या आणि पदर डोक्यावर ओढून बाहेर निघून गेल्या.

पाच वाजता साहेबांची गाडी सुटली. पेढे तसेच राहिले. तिसऱ्या दिवशी खरातबाईंनी ते अंगणवाडीतल्या मुलांना वाटून टाकले म्हणे.

साडेआठला शरयू आली. पर्स खुंटीला लावली, पट्टा सोडला, भिंतीला धरून हळूहळू खाली बसली.

“काय झालं गाडीचं?”

मला तेव्हा तरी खरं बोलता आलं असतं. गाडी गेली असती तरी क्वार्टर राहिलं असतं. उद्याची तारीख होती.

“जीपवाल्यांनी घोळ घातला,” मी म्हणालो. “पण अपील होणार आहे. साहेब आपल्या बाजूचे आहेत. थोडा उशीर होईल, एवढंच.”

“म्हणजे होणार?”

“होणार.”

“मग नाही देत अर्ज,” ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. “चला, बरं झालं. मला मेलं तिथं एकटीला करमलंही नसतं.”

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गायखेच्याच जीपमधून गेली. डिसेंबरची थंडी, आणि खिडक्यांना काचेच्या जागी पुठ्ठे. गायखेने तिच्याकडून महिनाभर भाडं घेतलं नाही. “सरांचं नाव मी उगीच मध्ये ओढलं,” म्हणाला. आता बोला!

तीन महिन्यांनी पत्र आलं. पुरेशी वाहतूक नसल्याने विस्ताराचा प्रस्ताव रद्द. क्वार्टर तोवर दुसऱ्या सिस्टरला गेलं होतं. शरयू पुढे चौदा वर्षं त्याच घाटाने गेली आली. मध्ये कमरेचं ऑपरेशन झालं, सहा महिने घरी होती, सातव्या महिन्यात पुन्हा पाचची जीप. डावा पाय तेव्हापासून जरा ओढत चालते. गावात अजून सांगतात, गाडी का झाली नाही? पुंजा गायखेने फॉर्म बदलले म्हणून. तो बिचारा तेच ऐकत ऐकत गेला. त्याच्या दहाव्याला मी गेलो होतो, शेवटच्या ओळीत बसलो आणि लवकर उठून आलो.

शरयूच्या निवृत्तीच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. शेवटची एक ड्युटी राहिली होती, दुसऱ्या दिवशी निरोपसमारंभ. मी तोवर निवृत्त होऊन घरीच होतो. ती मजेत होती. कुकर लावला, पोळ्यांची कणीक मळायला घेतली.

“सगळ्या जणी विचारत होत्या,” ती म्हणाली, “सिस्टर, आता काय करणार? म्हटलं, प्रवास करणार! काशी, रामेश्वर, जमलं तर दार्जिलिंग. जन्मात कधी प्रवास म्हणून केला नाही मी.”

बस. एवढंच ती म्हणाली, आणि माझ्याच्याने राहवेना. चौदा वर्षं मी तो कागद शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवला होता, ‘प’च्या पानांत. उठलो, काढला, तिच्यासमोर ठेवला.

तिने हात पुसले, चष्मा लावला, वाचला. “आपलाच फॉर्म की. तुमचं अक्षर काय सुरेख होतं हो तेव्हा! हे काय आहे?”

“सहावा रकाना बघ.”

तिने बघितला. “बरोबर आहे की. प्रवास कुठं करत होते मी? अप-डाऊन करत होते.” आणि कागद परत देऊन ती कणकेकडे वळली.

मी तसाच उभा. दोन-तीन मिनिटं गेली असतील. कणीक मळायचा आवाज थांबला.

“म्हणजे...” ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “सगळ्या गावानं असंच लिहिलं?”

“हो.”

“चारशे बारा म्हणजे ते?”

“ते.”

“गायखेनं काही केलं नव्हतं?”

“नाही.”

“आणि हे तुम्हाला कधी कळलं?”

“त्याच दिवशी. पाच वाजायच्या आत.” मी म्हणालो. “लिहून दिलं असतं तर पुन्हा विचारणार होते. मी नाही दिलं. मला लाज वाटली, शरयू. आणि तुलाही खोटं सांगितलं.”

तिने परात बाजूला सारली. कुकरची शिट्टी झाली, आणखी एक झाली. ती उठली नाही. मग म्हणाली, “कुकर बंद करा.” मी बंद केला. त्या रात्री आम्ही जेवलो, पण कोण काय जेवलं ते विचारू नका.

पहाटे चारला मी उठलो. शेवटचा दिवस होता. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या आधी उठलो, दिवा लावला, वाटीत दही काढलं, वर साखर घातली. पावणेपाचला ती तयार होऊन दारात आली. नवी साडी, केसांत गजरा, कमरेला तोच पट्टा. मी चमचाभर दही घेऊन पुढे झालो.

“हात पुढे कर,” मी म्हणालो.

तिने वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. दोन्ही हातांनी तिने पर्सचा बंद घट्ट धरला होता, तो सोडला नाही.

“जीप सुटेल,” ती म्हणाली, आणि पाय ओढत पायऱ्या उतरून गेली.